बारामतीचा पंत, सोलापूरचा शाहीर आणि एक लावणी

बारामती म्हटले की आज साखर आणि राजकारण आठवते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावाचा बोलबाला होता तो कवितेमुळे. मोरोपंत पराडकर १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले, तरुण वयात बारामतीला आले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. बाबूजी नाईक हे बारामतीचे बडे सावकार, पेशव्यांच्या सोयऱ्यांपैकी. त्यांच्या पदरी पंत पुराणिक म्हणून राहिले. नाईकांचा भक्कम वाडा कऱ्हेच्या काठी अजून उभा आहे. पंतांनी आर्या किती लिहिल्या याचा हिशेब हजारांत करावा लागतो. महाभारत लिहिले, भागवत लिहिले, शिवाय एकट्या रामकथेवर एकशे आठ रामायणे रचली. घरात जपमाळ, दारात तुळस, हातात लेखणी असा हा गृहस्थ. मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या शृंगारिक लावणीचा इतिहास सांगताना त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते, ही गोष्ट खुद्द पंतांनाही चमत्कारिक वाटली असती.

ती लावणी म्हणजे राम जोशींची ‘सुंदरा मनामधे भरली’. मराठी घरात वाढलेल्या माणसाला निदान एवढे तीन शब्द तरी ठाऊक असतात, पुढचे नसले तरी.

राम जगन्नाथ जोशी सोलापूरचे. जन्म साधारण १७६२चा, मृत्यू १८१२-१३च्या सुमाराचा. घराणे जोशीपण करणारे, वैदिक. थोरले बंधू मुद्गल जोशी पुराण सांगायचे आणि गावात त्यांना मान होता. धाकट्याला मात्र धोंडी शाहिराच्या फडाचा नाद लागला. ब्राह्मणाच्या पोराने डफ-तुणतुण्याच्या घोळक्यात बसायचे, त्यांच्यासाठी लावण्या जुळवायच्या, हे त्या काळात घराची अब्रू घालवणे होते. थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले. राम जोशी पंढरपूरला गेले, तिथे संस्कृत शिकले, परत येऊन कीर्तने करू लागले आणि कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या रंगवून म्हणू लागले. पंतांच्या आर्या तोवर पंडितांच्या होत्या. राम जोशींच्या गळ्यातून त्या चारचौघांत पोचल्या. ही वार्ता बारामतीला गेली आणि पंत या तरुणावर प्रसन्न झाले. ‘कविप्रवर’ म्हणून त्यांनी त्याला गौरवले असे परंपरा सांगते.

दुसरी एक आख्यायिका अधिक रंगतदार आहे. राम जोशींचा तमाशा बारामतीत आला, पंतांच्या कानावर त्यांची रचना पडली, आणि ही प्रतिभा फडात वाया चालली आहे, ती ईश्वराच्या कामी लाव, असे पंतांनी सांगितले. शाहिराने डफ टाकला आणि चिपळ्या हाती घेतल्या. सिनेमासाठीच रचावी अशी ही गोष्ट आहे, आणि पुढे तिचा सिनेमा झालाही.

मला ती जशीच्या तशी पटत नाही. एक तर अशीच गोष्ट दुसऱ्या शाहिराचीही सांगतात. संगमनेरचे अनंत फंदी तमाशा घेऊन हिंडत होते, अहिल्याबाई होळकरांनी त्यांची कानउघाडणी केली आणि फंदींनी तमाशा सोडून कीर्तन धरले. साचा तोच: वाट चुकलेला ब्राह्मण शाहीर, त्याला वाटेवर आणणारी पूज्य व्यक्ती, टाकलेला डफ. नंतरच्या पिढ्यांना या कवींच्या लावण्या आवडत होत्या आणि आवडतात म्हणून थोडे चोरट्यासारखेही वाटत होते. कवी सुधारला असे म्हटले की लावणी गुणगुणायला मोकळीक मिळते. दुसरे म्हणजे तारखा. पंत १७९४ मध्ये गेले. शेवटचा बाजीराव गादीवर आला १७९६ मध्ये, आणि लावणीला पुण्यात जो सोन्याचा भाव आला तो त्याच्याच काळात. राम जोशी पुढे पुण्यात वावरले. बारामतीत ते कायमचे सुधारले असते तर एवढा मोठा लावणीकार म्हणून त्यांचे नाव उरलेच नसते. कीर्तन आणि तमाशा त्यांच्या आयुष्यात आलटूनपालटून येत राहिले, हेच जास्त संभवते.

बारामतीच्या भेटीत मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. पंत आणि शाहीर एकाच हत्याराचे कारागीर होते. ते हत्यार म्हणजे यमक.

पंतांना यमकाचे वेड होते. एकाच शब्दाचे तुकडे पाडून त्यातून दोन-तीन अर्थ काढायचे, चरणाच्या शेवटी आलेली अक्षरे पुढच्या चरणाच्या सुरुवातीला उचलायची, असले खेळ ते सहज करीत. त्यांच्या रामायणांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरे त्यात वर्ज्य. आता गंमत बघा, ‘म’ म्हणताना ओठ मिटतात. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि रामाचे नाव मात्र घ्यायचे नाही. भक्तीपोटी सुरू झालेले काम कसरतीपर्यंत कसे जाते त्याचा हा नमुना आहे. पंतांवर पुढच्या टीकाकारांनी पुष्कळ तोंडसुख घेतले ते याच कारणाने.

आता ‘सुंदरा’ची बांधणी पाहा. ओळ न देताही ती सांगता येते. एक चरण चार तुकड्यांचा. पहिले तीन तुकडे एकाच यमकात, लहान लहान, एकामागून एक आदळणारे. चौथा तुकडा वेगळ्या यमकाचा, आणि त्याचा जोडीदार पुढच्या चरणाच्या चौथ्या तुकड्यात भेटतो. ऐकणाऱ्याचा कान पहिल्या तीन ठोक्यांत वेगाने पुढे ढकलला जातो, चौथ्यावर अडतो आणि त्याची जोड येईपर्यंत लटकलेला राहतो. कडवेच्या कडवे असे चालते. मात्रा मोजल्या तर आवर्तन आठाचे भरते. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त अशा रचनांना पद्मावर्तनी म्हटले आहे. छापील पानावर ही लावणी वाचली तर शब्दांची गर्दी वाटते. डफावर ऐकली की त्या गर्दीला चाल सापडते.

ही रचना फडाच्या गरजेतून आली असावी असे मला वाटते. फड उभा राहतो तो असा: पुढे शाहीर, हातात डफ. त्याच्या मागे तुणतुणेवाला आणि सुरत्ये. तुणतुणे म्हणजे लाकडी नळकांडे, तळाला कातडे, त्यातून वर दांडीच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. काखेत धरून ती छेडत राहायची. सूर एकच, पण तो ठेक्यावर तुटतो, म्हणून तुणतुणे तंबोऱ्याचे काम करते आणि तालाचेही. सुरत्ये झील धरतात, म्हणजे शाहिराच्या ओळीचा शेवट उंच आवाजात उचलून लांबवतात. शाहिराने तीन तुकडे एका दमात फेकायचे, चौथ्यावर झील चढायची, तेवढ्यात शाहीर श्वास घेऊन पुढच्या चरणाला तयार. चौथा तुकडा यमकाने वेगळा ठेवला की झीलकऱ्याला आपली जागा अचूक कळते. रचनेचा डौल आणि गायकाचा दम यांचा मेळ असा बसलेला आहे.

आणि विषय? एक पुरुष रस्त्यावरून पाहतो आहे. हवेलीच्या वरच्या मजल्यावर एक तरुण स्त्री उभी आहे. भांगात मोती, पायात पैंजण. सोनचाफ्याची कळी, सिंहाची कटी, मदनाची तलवार, सारे संस्कृत काव्यातले ठरलेले सामान हजर आहे, पण ते रस्त्यावरच्या मराठीत मिसळून. आणि प्रश्न येतो की ही कोणाची कोण, हिचा धनी कोणता सरदार. त्याचे उत्तर लावणी देत नाही. उत्तरपेशवाईतला हा देखावा खरा आहे. सरदार मुलूखगिरीवर, हवेल्या पैशाने भरलेल्या, आणि वरच्या मजल्यावरच्या स्त्रीकडे खालचा माणूस फक्त पाहू शकतो. तिच्याशी बोलायची त्याची ऐपत नाही. लावणीतली सारी खुमारी या अंतरात आहे. म्हणून ती शृंगारिक असूनही शेवटपर्यंत काही घडत नाही. घडते ते सगळे शब्दांत.

ज्या माणसाने हे लिहिले त्यानेच जटा वाढवून साधुत्वाचे सोंग करणाऱ्यांना झोडपणारी उपदेशपर लावणीही लिहिली. तिच्यातही यमकांची हीच फैर झडते. राम जोशींनी संस्कृतात लावण्या केल्या, अनेक भाषा एकाच लावणीत गुंफल्या. ‘कविराय’ अशी मुद्रा ते शेवटी घालीत. शृंगाराचा कवी निराळा आणि वैराग्याचा निराळा असे त्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही. तमाशाची रीतही तशीच आहे. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण, कृष्ण आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी. मग लावण्या, मग वग. देव आणि शृंगार एका रात्रीत, एकाच मंचावर, एकाच ढोलकीवर.

इथे थोडे अमेरिकेत जाऊन यावेसे वाटते, कारण तिथे देव आणि शृंगार यांचा हाच तंटा रेकॉर्डच्या तारखांसह नोंदलेला सापडतो. काळ्या लोकांच्या संगीताच्या तबकड्यांना तिथला बाजार ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणायचा. १९४९ साली ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने ते नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केले; जेरी वेक्सलर नावाच्या तिथल्या पत्रकाराने ते सुचवले होते. या संगीताचा एक पाय दारूच्या गुत्त्यात आणि दुसरा चर्चमध्ये. १९५४ मध्ये रे चार्ल्स दौऱ्यावर असताना मोटारीतल्या रेडिओवर ‘सदर्न टोन्स’ या मंडळींचे येशूचे एक भजन वाजत होते. त्या धाटणीवर त्याने आणि त्याचा साथीदार रेनल्ड रिचर्ड याने प्रेमगीत बांधले, ‘आय गॉट अ वुमन’. अटलांटात नोव्हेंबरात ते ध्वनिमुद्रित झाले आणि १९५५ च्या आरंभी रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या जागेवर गेले. देवाच्या जागी बाई आली म्हणून चर्चवाले खवळले.

सॅम कुकची गोष्ट तर थेट सोलापूरच्या जोश्यांच्या घरात शोभेल. तो पाद्र्याचा मुलगा, ‘सोल स्टरर्स’ या भजनी चमूचा लाडका गायक. १९५६ मध्ये त्याने पहिले प्रेमगीत काढले तेव्हा चर्चचे श्रोते बिथरतील या भीतीने तबकडीवर नाव छापले ‘डेल कुक’. आवाज लपतो थोडाच! लोकांनी ओळखले. १९५७ साली ‘यू सेंड मी’ त्याने खऱ्या नावाने गायले आणि त्याचा देशभर डंका वाजला. उलट्या वाटेचे प्रवासीही तिथे आहेत. थॉमस डॉर्सी हा चावट ब्लूज लिहिणारा. १९३२ मध्ये बायको आणि नवजात मूल गमावल्यावर त्याने लिहिलेले प्रार्थनागीत आज जगभरच्या चर्चमध्ये गातात. अल ग्रीन हा प्रेमगीतांचा बादशहा १९७६ मध्ये मेम्फिसमध्ये स्वतःच्या चर्चचा पाद्री झाला.

फरक एवढाच की तिथे तबकडी आहे, म्हणून महिना-वर्ष सांगता येते. आपली लावणी तोंडातोंडी चालत आली. ‘सुंदरा’ची जन्मतारीख नाही, पेशवाईची शेवटची तीस-पस्तीस वर्षे एवढाच तिचा काळ.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि लावणीचा मोठा आश्रयदाता गेला. पुढच्या शतकात शिकलेल्या मराठी माणसाने पोवाडा आणि लावणी या सख्ख्या भावंडांची फारकत केली. पोवाडा इतिहास ठरला, लावणी अश्लील ठरली. १८९१ मध्ये हॅरी ॲकवर्थ हे इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मिळून ऐतिहासिक पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला. (वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयाला ज्यांचे नाव आहे तेच हे ॲकवर्थ, मुंबईचे महापालिका आयुक्त.) तीन वर्षांनी ॲकवर्थसाहेबांनी त्यातल्या काही पोवाड्यांचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध केले. तेच शाहीर, तेच डफ, पण लावणीला असा सरकारी पाहुणचार मिळाला नाही. शाळिग्रामांनीच पुढे राम जोशींच्या आणि इतर शाहिरांच्या लावण्या संपादून छापल्या, म्हणून त्या पोथ्या-बाडांतून वाचल्या. लावणी ही कविता म्हणून गंभीरपणे वाचायची गोष्ट आहे हे ठासून सांगणारे म. वा. धोंडांचे ‘मऱ्हाटी लावणी’ यायला १९५६ साल उजाडले.

त्याआधीच सिनेमाने काम केले होते. १९४७ मध्ये राजकमल कलामंदिरचा ‘लोकशाहीर राम जोशी’ आला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे, लेखन ग. दि. माडगूळकरांचे, संगीत वसंत देसाईंचे. राम जोशी झाले होते जयराम शिलेदार आणि त्यांच्या फडात नाचणारी बया झाली होती हंसा वाडकर. माडगूळकरांचे नाव मराठी सिनेमात पक्के झाले ते या चित्रपटाने. हिंदीतही तो ‘मतवाला शायर राम जोशी’ म्हणून निघाला. ‘सुंदरा मनामधे भरली’ त्यात शिलेदारांनी गायली आणि आज आपल्या कानात जी चाल आहे ती ही.

शिलेदार संगीत नाटकांतले गायक. त्यांचा आवाज नाट्यपदांवर घासलेला, स्वच्छ, ताना घेणारा. फडातल्या शाहिराचा गळा असा नसतो. तो उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचण्यासाठी ताणलेला, जरा फाटका असतो. म्हणजे पडद्यावर पोचेपर्यंत लावणीला थोडी आंघोळ घातली गेली. पण त्यामुळेच ती ब्राह्मणांच्या, प्रभूंच्या, नोकरदारांच्या दिवाणखान्यात शिरू शकली. शब्द राम जोशींचे, गाणारा नाटकातला, आणि विषय एका भरकटलेल्या कवीचा पश्चात्ताप: आक्षेप घ्यायला जागाच उरली नाही. विरोधाभास असा की याच सुमारास, बाळासाहेब खेरांच्या राजवटीत, मुंबई सरकारने जिवंत तमाशावर बंदी आणली होती. पुढे अश्लीलता काढून टाकायच्या अटींवर ती उठली. थिएटरात तमाशा पाहायला रांगा आणि मैदानात तमाशाला पोलीस, अशी ती वर्षे गेली.

हा सिनेमा चालला आणि मराठी पडद्यावर तमाशापटांची रीघ लागली. शांतारामांनीच १९५१ मध्ये शाहीर होनाजी बाळावर ‘अमर भूपाळी’ काढला. १९५९ मधला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. त्यातही नायिका हंसा वाडकरच. पुढे आपले आत्मकथन सांगितले तेव्हा त्यांनी पुस्तकालाही हेच नाव दिले. रसिकांनी ज्या बाईवर जीव टाकला तिच्या स्वतःच्या आयुष्यात काय चालले होते ते त्या पुस्तकात वाचावे. ते वाचून ‘बया’ची भूमिका पुन्हा पाहिली की ती पहिल्यासारखी दिसत नाही.

सिनेमाने आणखी एक बदल घडवला. ‘सुंदरा’ पुरुषाच्या तोंडची लावणी आहे. त्यात बाईला बघितले जाते, ती बोलत नाही. पडद्यावरच्या लावण्या मात्र बहुतेक बाईच्या तोंडी आल्या आणि त्या गायला बाईचा खणखणीत आवाज लागला. सुलोचना चव्हाणांनी तो दिला. डोक्यावर पदर, जागेवर स्थिर, हातवारेही बेताचे, आणि आवाजात मात्र सगळी अदा. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गेल्या. बैठकीच्या लावणीत वाईच्या यमुनाबाई आणि पंढरपूरच्या सत्यभामाबाई यांनी तर एकाच ओळीवर चेहऱ्याने आणि बोटांनी दहा अर्थ काढून दाखवले. आता लावणी म्हटली की बाईच आठवते. राम जोशींच्या काळी फडात बहुतेक नाच्या पोरगा नाचायचा; बया त्यांच्या फडात होती हे वेगळेपण म्हणूनच परंपरेने लक्षात ठेवले. तिचे आडनाव, गाव, जात काहीही उरलेले नाही. कवीची भावकी सापडते, गुरू सापडतो, पंतांनी केलेला गौरव सापडतो. नाचणारीचे फक्त हाक मारायचे नाव.

‘सुंदरा’चा सर्वांत अनपेक्षित मुक्काम टीव्हीवर झाला. २०२० मध्ये कलर्स मराठीवर ‘सुंदरा मनामध्ये भरली’ नावाची मालिका सुरू झाली आणि दोन वर्षे चालली. नायिका लतिका अंगाने भरलेली, वजनावरून टोमणे खाणारी. लावणीतल्या सुंदरीची कंबर सिंहाची आहे. मालिकावाल्यांनी तिची पहिली ओळ उचलली आणि कंबर सोडून दिली. परंपरेशी केलेली ही दंगामस्ती मला आवडली. दोनशे वर्षे जी ओळ बाईचे मोजमाप घ्यायला वापरली गेली तीच मोजमापाविरुद्ध वापरता येते, हे कोणाला तरी सुचले.

आता बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात लावणीचे काय चालले आहे? हा मुलूख मूळचा दुष्काळी. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, ऊस आला, १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले, नंतर सहकारी कारखाने आले. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर ही नावे इथल्या माणसाला पंचांगातल्या महिन्यांसारखी पाठ आहेत. पैसा खेळू लागला की जत्रा मोठ्या होतात. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन यात्रेची सुपारी देऊन जातात. तिथून सुटलेले ट्रक चैत्र-वैशाखात नीरा-भीमेच्या खोऱ्यातल्या गावांत पोचतात. फिरत्या फडाखेरीज संगीत बारीचे कलाकेंद्र ही दुसरी व्यवस्था आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यातले चौफुला त्यासाठी प्रसिद्ध. तिथे पार्टीची मालकीण बाईच असते, पेटी-ढोलकीवर बैठक होते आणि पैसे दौलतजादा म्हणून उधळले जातात. फर्माईश बहुतेक सिनेमातल्या लावणीची येते. २०१० च्या ‘नटरंग’नंतर ‘वाजले की बारा’ला पर्याय राहिलेला नाही. राम जोशींची जुनी रचना तिथे मागणारा विरळाच. तिचे शब्द जड आहेत आणि तीन यमकांच्या फैरीवर नाचताना दम लागतो.

नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो आणि पहिले मोठे गाव अकलूज. तिथे १९९० च्या दशकात मोहिते-पाटलांनी लावणी स्पर्धा सुरू केली. त्यातून कलाकेंद्रांत अडकलेल्या कलावंतिणींना मोठा मंच मिळाला आणि कुटुंबासह बसून लावणी पाहायची सवय लागली. एक तक्रारही तेव्हापासून ऐकू येते. मंच प्रतिष्ठित झाला की त्यावर शहरातल्या, नृत्यवर्गात शिकलेल्या मुली येतात, आणि ज्या कोल्हाटी, महार, मांग घरांनी ही कला पिढ्यान् पिढ्या अंगावर बदनामी घेऊन सांभाळली त्यांच्या मुली मागे पडतात. अभ्यासक शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्येच याची मांडणी केली होती. तक्रार खरी आहे, आणि स्पर्धेने काही घरांच्या चुली चांगल्या पेटल्या हेही खरे आहे.

बारामतीहून अकलूजकडे याच रस्त्याने आषाढात तुकोबांची पालखी जाते. बारामतीचा मुक्काम, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, आणि नीरास्नान करून अकलूज. पाहायला येणारी माणसे तीच. चैत्रात यात्रेच्या रात्री फेटा उडवणारा गडी आषाढात पताका घेऊन चालतो आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. गावच्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकार ढोंगी साधूंवर घसरला की राम जोशींच्या जटावाल्या लावणीचा दाखला हमखास देतो, समोरची म्हातारी माणसे पुढचे शब्द त्याच्याआधी पुरे करतात, आणि यातल्या कित्येकांना तोच कवी ‘सुंदरा’चाही आहे हे ठाऊक असते.